पोपट नसलेलं चित्र

यंदा मोसंबीला बहार चांगला आलाय. परवा एका बैठकीसाठी मंठ्याहून निघाले, परतूरला बस बदलली आणि पुढं घनसावंगीपर्यंत जीपच्या मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसले. डिझेलचा वास, कुणाच्या पिशवीतल्या मेथीचा वास, समोरच्या म्हाताऱ्याच्या तंबाखूचा वास. एका वळणावर हे सगळे वास एकदम मागं पडले. डाव्या हाताला मोसंबीची बाग होती, गर्द पानांत पांढऱ्या फुलांचे घोसच्या घोस. शेजारची बाई नाकावरचा पदर काढून म्हणाली, "आंबे बहार है. औंदा पानी बराबर मिळालं वाटतं झाडाला." आंब्याला मोहोर येतो त्याच दिवसांत मोसंबी फुलते, म्हणून आंबे बहार. जीप पुढं गेली, बाग मागं राहिली. वास मात्र घनसावंगीच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझ्यासोबत होता. बैठकीत कोण काय बोललं ते मला आता आठवत नाही. मी तेवढा वेळ वीस वर्षांपूर्वीच्या एका माघ महिन्यात होते.

त्या वर्षी मी बी.ए.ला इंग्रजीत नापास झाले होते. आमच्या वस्तीतली कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. त्यामुळं माझं नापास होणं सगळ्या वस्तीचं झालं. बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलेली माणसं मला बघून बोलायची थांबायची. माझे वडील, दादा, प्राथमिक शाळेत शिक्षक. ते एकदाही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरात बसू नको. कोठीत अक्षर चांगलं असणारं माणूस पाहिजे म्हणतात. जा."

कोठी म्हणजे घनसावंगीहून कुंभार पिंपळगावकडं जाताना लागणारं डॉक्टरांचं घर. निजामाच्या काळात हैदराबादेत नाव कमावलेले एक डॉक्टर गावाकडं परतले, दगडी घर बांधलं आणि आयुष्यभर जमवलेल्या वस्तू त्यात मांडल्या. बिदरीचे हुक्के, पानदानं, हिमरूच्या शाली, तळहाताएवढी जुनी दख्खनी चित्रं, काचेवर काढलेल्या तसबिरी. पुढं त्यांच्या धाकट्या मुलीनं, इंदुबाईंनी, लग्न न करता हे सगळं सांभाळलं आणि घर एका ट्रस्टच्या हवाली करून त्याचं संग्रहालय केलं. स्वतः मागच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. संग्रहालय असूनही तिथं फारसं कुणी यायचं नाही, कारण प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी उर्दूत नाहीतर इंग्रजीत. त्या माघात आसपासच्या शाळांची मुलं पहिल्यांदा येणार होती. त्यांच्यासाठी मराठी पाट्या लिहायच्या, हे माझं काम.

पहिल्या दिवशी मी व्हरांड्यात उभी राहिले तर आतून गयामावशी आली. गयामावशी आमच्याच वस्तीतली, डॉक्टर असल्यापासून कोठीत झाडलोट करणारी. काळी, काटक, कपाळावर गोंदण. मला बघून ती नुसती हसली. मग खिडकीजवळच्या टेबलामागची खुर्ची तिनं पदरानं पुसली, पुन्हा पुसली आणि म्हणाली, "बस. आपल्यातलं कुनी या खुर्चीवर बसलेलं मी पाह्यलं नव्हतं कधी. आज पाह्यलं."

ती खुर्ची मला फार दिवस टोचत राहिली.

इंदुबाई उंच, कडक, पांढऱ्या सुती साडीतल्या. हैदराबादेत चित्रकला शिकवून आलेल्या. त्यांच्या बोलण्यात कौतुक नावाचा प्रकार नव्हता. मी लिहिलेली पहिली पाटी त्यांनी वाचली आणि परत दिली. "'सुंदर हुक्का' असं लिहू नकोस. सुंदर आहे का ते बघणारा ठरवील. कशाचा आहे, कुठला आहे, कशासाठी वापरत, ते लिही." ती पाटी मी चार वेळा लिहिली. दुपारी जेवण झालं की त्या माझ्यासमोर बसायच्या आणि जुन्या इंग्रजी चिठ्ठ्या मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. मी अडखळले की पेन्सिल टेबलावर आपटायची. मी नापास झालेय हे त्यांना कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

बागेत हसनचाचा होते. कोठीसमोर चार सारखे वाफे, मधोमध हौद, कडेनं मेंदीचं कुंपण, आणि मागच्या अंगाला मोसंबीची साठेक झाडं. मी गेले तेव्हा झाडांची पानं मलूल झाली होती. विहिरीत तर पाणी दिसत होतं. मी विचारलं, "चाचा, पाणी का देऊन नाही राह्यले?"

"अभी नक्को देना बेटी," ते म्हणाले. "प्यासा रखना पडता. पानं थोडी गळनार. मंग पानी छोडनार. फिर देखना, फूल ही फूल."

मोसंबी पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात याला ताण देणं म्हणतात आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाच नव्हतं, कारण आमच्या घरी कधी झाड नव्हतं. बागेत मजुरीला जाणारी माणसं होती, बाग नव्हती. हसनचाचांनी पाणी सोडलं त्या दिवशी मी हातातलं काम टाकून बघायला गेले. वाळलेल्या आळ्यांत पाणी शिरताना बारीक चर्र असा आवाज येतो. पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक फांदी कळ्यांनी गच्च भरली. एका सकाळी मी फाटकातून आत आले आणि वासानं थबकले. तेव्हापासून तो वास आला की मला दोन गोष्टी बरोबरच आठवतात, एक आनंदाची, दुसरी शरमेची.

चूक झाली ती त्याच आठवड्यात.

काचेवरच्या तसबिरींत एक मला फार आवडायची. हिरव्या साडीतली बाई गादीवर बसलेली, नाकात नथ, उजव्या हातात फूल आणि डाव्या हातावर पोपट. तिची पाटी मी आधीच लिहून ठेवली होती, 'हातावर पोपट घेतलेली स्त्री. काचेवरील चित्र.' शाळेची मुलं यायला आठ दिवस राहिले होते. इंदुबाईंनी सगळ्या काचा पुसून घ्यायला सांगितल्या. या तसबिरीच्या मागच्या फळीतून वाळवीची बारीक माती गळत होती. बाई बाहेर गेल्या होत्या. मला वाटलं, आपण नीट साफ करून ठेवू, बाई खूश होतील. मी फळीचे खिळे काढले, फळी बाजूला केली, फडकं ओलं करून काचेची मागची बाजू जोरात पुसली. फडकं हिरवं झालं.

असली चित्रं काचेच्या पाठीमागून रंगवलेली असतात, हे मला माहीत नव्हतं. मी काच पुसत नव्हते, चित्रच पुसत होते. उलटून बघितलं तर पोपट नव्हता. बाईचा हात तसाच पुढं केलेला, हातावर काही नाही.

मी फळी परत ठोकली. चित्र भिंतीवर टांगलं. पोपटाच्या जागी आता आरपार फळीचं तपकिरी लाकूड दिसत होतं. फडकं पिशवीत कोंबलं आणि टेबलावर येऊन बसले. दिवसभरात मी एकही पाटी नीट लिहिली नाही.

चार दिवस कुणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी ट्रस्टचे एक वकील तयारी बघायला आले. इंदुबाई एकेक पाटी वाचत त्यांना खोल्या दाखवत होत्या, मी मागं. त्या तसबिरीपाशी बाईंनी माझी पाटी वाचली, चित्राकडं बघितलं, पुन्हा पाटीकडं बघितलं.

"पोपट कुठं गेला?"

मी खाली बघत होते. वकील जवळ गेले, काचेवर नख फिरवून म्हणाले, "पुसलाय कुणीतरी. ह्या खोलीत रोज कोण येतं? झाडणारी बाईच ना?"

गयामावशी दारातच होती, हातात केरसुणी. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "माझ्याच हातनं झालं असंल साहेब. ध्यानात न्हाई आलं."

"सोमवारपासून येऊ नकोस," वकील म्हणाले. "उद्या आणखी काही पुसशील." इंदुबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या चित्राकडंच बघत होत्या. मीही बोलले नाही. माझ्या तोंडात शब्द होते, हे मी शपथेवर सांगते. ते बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी परतताना जीपमध्ये गयामावशी माझ्याशेजारीच बसली. ओटीतली बोरं काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती धरून बसले. शेवटी मीच म्हणाले, "मावशी, ते तुझ्या हातनं नव्हतं झालं."

"ठाव है. मी पाह्यलं व्हतं तुला. व्हरांडा झाडून राह्यलते."

"मंग बोलली का न्हाईस?"

तिनं एक बोर खाल्लं, बी बाहेर थुंकली. "मला काय, मी खुरपायला जाईन. तुझं नाव निघालं तर पुन्हा आपल्यातल्या पोरीला खुर्चीवर बसवतील का ते? तू कुनाला काही सांगू नको. बिलकुल नको."

गावात उतरून ती आपल्या घराकडं वळली. मी घरी आले आणि दादांना सगळं सांगितलं. गयामावशीचं बोलणंही सांगितलं, कारण मला त्यातून वाट दिसत नव्हती. मी कबूल केलं तर तिनं माझ्यासाठी केलेलं वाया जाणार होतं, नाही केलं तर ती जाणार होती. दादा ऐकत राहिले. सकाळी मी उठले तेव्हा त्यांनी सायकलची हवा भरून ठेवली होती.

"बस मागं," ते म्हणाले. "मी फाटकाशी थांबतो. तू आत जाऊन सांगून ये."

"आणि मंग पुढच्या पोरी?"

"पुढच्या पोरींचं त्या पाहतील. तू तुझं सांग."

एवढ्या सकाळी सायकलवरून जाताना बागेच्या भिंतीपाशी वास इतका दाट होता, की मला मळमळलं. हे मी कुणाला सांगितलं तर हसतात. मोसंबीच्या फुलाच्या वासानं कुणाला मळमळतं का?

इंदुबाई मागच्या अंगणात दात घासत होत्या. मी पिशवीतलं हिरवं फडकं काढून त्यांच्यासमोर धरलं. "बाई, मी पुसलं. गयामावशीनं नाही." एवढंच बोलता आलं. त्यांनी चूळ भरली, हात पुसले, फडकं घेतलं आणि उन्हात धरून बघितलं. फार वेळ बघितलं. मला वाटलं आता पेन्सिल आपटल्यासारखा आवाज येईल.

"पाणी लावलंस?"

"हो."

"काच पुसायला मी सांगितलं होतं. ही चित्रं कशी काढतात ते मी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेवढं माझं. बाकीचं तुझं. काल का बोलली नाहीस?"

"भ्याले."

"मीही बोलले नाही काल," बाई म्हणाल्या. "गया इतकी वर्षं ह्या घरात आहे, एक कप फुटला नाही तिच्याकडून. हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले." त्यांनी फडक्याची घडी घातली. "तिचं घर दाखव मला."

फाटकाशी दादा सायकल धरून उभे होते. इंदुबाईंनी त्यांना नमस्कार केला. जीपची वाट न बघता आम्ही तिघं पायीच निघालो. बाई आमच्या वस्तीत पहिल्यांदाच आल्या होत्या. बायका दारात येऊन बघत होत्या. गयामावशी चुलीपुढं बसली होती. बाईंना बघून ती अशी धडपडून उठली, की हातातली फुंकणी राखेत पडली.

"गया, माझं चुकलं," इंदुबाई म्हणाल्या. "कामाला ये."

गयामावशीनं माझ्याकडं रागानं बघितलं. मी तिचं ऐकलं नव्हतं, तो राग. मग तिनं पोतं अंथरलं. बाई त्यावर मांडी घालून बसल्या आणि गुळाचा काळा चहा बशीतून प्यायल्या. चहा संपल्यावर गयामावशी म्हणाली, "सोमवारी जमायचं न्हाई बाई. हरभरा सोंगायला जायचं कबूल केलंय. मंगळवारी येते." आणि बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसलेल्या मी बघितल्या.

वकिलांना बाईंनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. एवढं कळलं, की ते शहरातला एखादा चित्रकार आणून नवा पोपट काढून घ्या म्हणत होते आणि बाईंनी नको म्हटलं. माझी नोकरी राहिली. पाटी मात्र पुन्हा लिहायची होती. मी लिहिलं, 'या स्त्रीच्या हातावर पोपट होता. तो साफसफाई करताना पुसला गेला.' त्याखाली माझं नाव लिहायला निघाले, तर बाईंनी हात धरला. "नाव नको. नाव लिहिलंस तर लोक चित्र बघणार नाहीत, तुला बघतील."

मुलं आली ती दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून, गाणी म्हणत. हौदात हात घालू नका, फुलं तोडू नका, असं सांगून हसनचाचांचा घसा बसला. मी आत एकेका खोलीत उभी राहून सांगत होते. त्या तसबिरीपुढं एका मुलीनं पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "कुनी पुसला, बाई?"

दारात इंदुबाई होत्या. गयामावशी होती.

"मी पुसला," मी म्हणाले.

सगळी मुलं चित्र सोडून माझ्याकडं बघायला लागली. बाईंचं बरोबर होतं. मग मागून एकजण म्हणाला, "लई मार बसला का?"

"न्हाई."

"जरापण न्हाई?"

"जरापण न्हाई."

त्याला ते पटलं नाही. पुढची दोन चित्रं बघून होईपर्यंत तो वळून वळून माझ्याकडं बघत होता. त्याचा तो चेहरा माझ्याजवळ राहून गेला. पुढं मी मंठ्याच्या शाळेत लागले. अठरा वर्षं शिकवतेय. वर्गात छडी आणलेली नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. दर वेळी कुणी घाबरून खाली बघत उभं राहिलं, की मला उन्हात धरलेलं ते हिरवं फडकं दिसतं आणि आधी विचारावंसं वाटतं, बाबा, तुला हे कुणी सांगितलं होतं का?

त्या मार्चमध्ये जालन्याला जाऊन मी इंग्रजीचा पेपर पुन्हा दिला. उत्तरं लिहिताना इंदुबाईंच्या चिठ्ठ्यांतली वाक्यं आपोआप येत होती. पास झाले. पेढे घेऊन गेले तर बाई म्हणाल्या, "ठीक." माझ्यामागून त्या टेबलावर वस्तीतलीच आणखी एक मुलगी बसली, नंतर दुसरी. गयामावशीची भीती खरी ठरली नाही. पण ती भीती खोटी होती, असं मला आजही म्हणवत नाही. ती तिच्या सगळ्या आयुष्यातून आली होती. ती खरी ठरली नाही ते एका बाईनं पोत्यावर बसून चहा प्यायला म्हणून. दुसरी कुणी असती तर? हा प्रश्न मनात आला की मी फार खोल जात नाही. मिळालं ते मिळालं, असं म्हणून हात जोडते.

गयामावशीनं काम सोडलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कंबर गेली तेव्हा. असाच बहाराचा महिना होता. इंदुबाईही थकल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, काठी टेकत चालायच्या. त्यांनी विचारलं, "गया, जाताना काय देऊ तुला?"

"काही नको. येक डाव कोठी दाखवा."

"अगं, तीस वर्षं तूच तर—"

"झाडली, बाई. पाह्यली न्हाई."

बाईंनी मला निरोप धाडला. रविवारी मी मंठ्याहून गेले. गयामावशी धुवट लुगडं नेसून, पुढच्या दारानं, माझा हात धरून आत आली. बाई सोबत होत्या. मी प्रत्येक पाटी वाचून दाखवत होते आणि ती शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती. हुक्का बघून म्हणाली, "ह्याच्या आतली धूळ लई वंगाळ, निघतच न्हाई." शालींपुढं हात मागं बांधून उभी राहिली. दिवाणखान्याच्या मधोमध आल्यावर तिनं सहज मान वर केली आणि थांबली.

दिवाणखान्याचं छत लाकडी आहे. डॉक्टरांनी ते कुठल्याशा कारागिराकडून रंगवून घेतलेलं.

"हे कधी केलं गं?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून आहे, मावशी."

"मी पाह्यलंच न्हाई कधी. वाकूनच व्हते ना मी हितं." कंबर धरून ती हळूहळू फरशीवर बसली आणि मग चक्क उताणी झाली. मी तिला उठवायला वाकले तर इंदुबाई म्हणाल्या, "राहू दे." काठी भिंतीला लावून त्याही माझ्या खांद्याचा आधार घेत खाली बसल्या, तिच्या शेजारी.

"मला आता धूसर दिसतं, गया," त्या म्हणाल्या. "काय काय आहे, सांग बरं."

"येक येल है," गयामावशी म्हणाली. "हिरवा. ह्या कोपऱ्यातून निघून त्या कोपऱ्यात गेलाय."

"पुढं?"

"त्याला तांबडी फुलं. येक, दोन... लई हैत. मधी निळं निळं, आभाळावानी."

"आणि?"

"दम धरा की बाई. सांगून राह्यले न्हाई का मी?"

मी पाट्या वाचायच्या सोडल्या आणि त्या दोघींच्या पायाशी बसले.